स्क्वेअर बुक्स, ऑक्सफर्ड (मिसिसिपी) : जा पुस्तकांसाठी, बघून होतं अख्खं गाव

माझ्याकडून पाचपैकी पाच स्टार, ते आधीच देऊन टाकते म्हणजे ज्यांना फक्त तेवढंच बघायचंय ते पुढं जायला मोकळे. बाकीच्यांनी जरा निवांत वाचा कारण हा रिव्ह्यू एका पुस्तकाच्या दुकानाचा असला तरी त्या दुकानाबद्दल लिहायचं तर गावाबद्दल लिहावंच लागतं, दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे काढता येत नाहीत.

आम्ही अमेरिकेत मेम्फिसजवळ राहतो, अकरा वर्षं झाली. मेम्फिसमध्ये मोठ्या कुरिअर कंपनीमुळे आयटीतली आपली मंडळी खूप आहेत आणि सुट्टी आली की सगळे नॅशव्हिल, अटलांटा, फ्लोरिडा करतात. ऑक्सफर्ड मात्र गाडीने जेमतेम दीड तासावर आणि तिथं गेलेले मराठी लोक मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटलेत. मी २०१९ पासून पाच वेळा गेले. शेवटची ट्रिप होती २०२३ च्या ऑक्टोबरमधली, आई आणि आबा वाईहून आले होते तेव्हाची, आणि खरं सांगायचं तर त्या ट्रिपमुळेच हे लिहायला बसले.

रस्ता सोपा आहे. मेम्फिसहून इंटरस्टेट ५५ धरून दक्षिणेला यायचं, बेट्सव्हिलला उतरायचं आणि हायवे ६ ने पूर्वेकडे वळायचं. ५५ च्या पश्चिमेला मिसिसिपी डेल्टा आहे, तळहातासारखा सपाट, मैलच्या मैल शेतं, आणि एकदा पूर्वेला वळलं की जमीन उठायला लागते, रस्ता वरखाली होतो, पाइनची झाडं सुरू होतात, कडेला कापलेल्या उतारांवर माती लालभडक दिसते. आबा म्हणाले, "अगं ही तर आपली पाचगणीची माती." आणि झाडांवर, विजेच्या खांबांवर, पडक्या घरांवर एक वेल चढलेला दिसतो, खालची वस्तू काय आहे ते कळूच नये इतका दाट, त्याला कुडझू म्हणतात. मूळचा जपानचा. जमिनीची धूप थांबावी म्हणून सरकारनेच शेतकऱ्यांना लावायला सांगितला होता आणि आता तो आवरता आवरत नाही. गावाच्या उत्तरेला टॅलाहॅची नदी, तिच्यावर सार्डिसचं धरण, दक्षिणेला यॉकोना नदी. ही यॉकोना लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गावाच्या मधोमध चौक आहे, सगळे नुसतं स्क्वेअर म्हणतात. मध्ये पांढरं कोर्ट, चारही बाजूंनी दुमजली जुन्या इमारती, लोखंडी कठड्याच्या बाल्कन्या, आणि एका कोपऱ्यावर स्क्वेअर बुक्स. दुकान १९७९ मध्ये रिचर्ड आणि लिसा हॉवर्थ या नवरा-बायकोने सुरू केलं. मला आवडलेली गोष्ट म्हणजे दुकान टाकायचं ठरल्यावर ते आधी वॉशिंग्टनला गेले, तिथल्या एका पुस्तकाच्या दुकानात दोघांनी नोकरी केली, धंदा शिकले आणि मग परत येऊन गावात दुकान काढलं. १९८६ मध्ये ते या कोपऱ्यावरच्या इमारतीत आले, इथे आधी औषधांचं दुकान होतं. पुढे त्याच स्क्वेअरवर १९९३ मध्ये ऑफ स्क्वेअर बुक्स आणि २००३ मध्ये लहान मुलांचं स्क्वेअर बुक्स ज्युनियर. २०१३ मध्ये पुस्तक व्यवसायातल्या पब्लिशर्स वीकली या साप्ताहिकाने याला अमेरिकेतलं त्या वर्षीचं सर्वोत्तम पुस्तकाचं दुकान ठरवलं. आणि हे रिचर्ड हॉवर्थ २००१ ते २००९ गावाचे महापौर होते! पुस्तकवाल्याला गावाने दोनदा महापौर केलं, यावरून गाव कसं आहे ते ओळखा. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या पंचवीस हजारांच्या वर, बस्स. त्यात एवढी पुस्तकांची दुकानं चालतात.

आत गेल्यावर लाकडी जमीन करकर वाजते. भिंतींवर इथे येऊन गेलेल्या लेखकांचे फोटो, जिन्यातून वर जाताना दोन्ही बाजूंना फोटोच फोटो. टेबलांवर सही केलेल्या प्रतींचे ढीग असतात आणि त्या सहीसाठी जास्तीचे पैसे घेत नाहीत, छापील किमतीलाच मिळतात. वरच्या मजल्यावर फॉकनर आणि मिसिसिपीच्या लेखकांची कपाटं, तिथेच छोटा कॅफे आणि बाहेर बाल्कनी. कॉफी घ्या, पुस्तक घ्या, बाल्कनीत बसा, समोर कोर्ट. कोणी उठवत नाही. आम्ही त्या दिवशी पावणेदोन तास बसलो होतो.

आता आबांची गोष्ट. आबा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली. वाईत, जिथे मराठी विश्वकोशाचं ऑफिस आहे, तिथे आयुष्य गेल्यामुळे पुस्तकाच्या दुकानात शिरले की त्यांना वेळेचं भान राहत नाही. त्यांनी काउंटरवरच्या मुलीला त्यांच्या इंग्रजीत सावकाश विचारलं की मी फॉकनरचं नाव ऐकलंय पण एक ओळ वाचलेली नाही, माझं वय पंच्याहत्तर, कुठून सुरुवात करू. मला वाटलं ती सगळ्यात फेमस कादंबरी हातात देईल. तिने नाही दिली. ती काउंटर सोडून बाहेर आली, आबांना जिन्यावरून वर घेऊन गेली, गोष्टींचा एक संग्रह काढला आणि म्हणाली की हे आधी वाचा, आणि मोठ्याने वाचा, मनात वाचलंत तर वाक्यं हरवतात. आबा बाल्कनीत बसून खरंच मोठ्याने वाचायला लागले, हळू आवाजात, शाळेत धडा वाचावा तसं. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. शेजारच्या टेबलावरच्या आजी मान डोलावत होत्या. यासाठी पाच स्टार. पुस्तकं काय, ऑनलाइन दोन दिवसांत घरी येतात, पण पुस्तक कसं वाचायचं ते सांगणारं माणूस घरी येत नाही.

हा फॉकनर, विल्यम फॉकनर, १९४९ चं नोबेल मिळालेला, याच गावचा. लहानपणापासून इथेच, आणि त्याने आपल्या कादंबऱ्यांसाठी यॉक्नापटॉफा नावाची एक काल्पनिक काउंटी, म्हणजे जिल्हा, रचली, ती म्हणजे हीच लफेएट काउंटी, नाव त्या दक्षिणेच्या यॉकोना नदीच्या जुन्या नावावरून घेतलेलं. गावाला त्याचं कौतुक फार उशिरा वाटायला लागलं. तरुणपणी तो गावातल्याच मिसिसिपी विद्यापीठात थोडे दिवस शिकला आणि सोडून दिलं, मग १९२१ ते १९२४ विद्यापीठाच्या पोस्टात पोस्टमास्तर होता आणि मागच्या खोलीत पत्ते नाहीतर लिखाण चालायचं असं सांगतात. लोक त्याला काउंट नो-काउंट म्हणायचे, म्हणजे ऐट सरदाराची आणि काम शून्य. तो गेला १९६२ च्या ६ जुलैला, दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा, तेव्हा मात्र स्क्वेअरवरच्या दुकानदारांनी दारांवर चिठ्ठ्या लावून दुपारी दोन ते सव्वादोन दुकानं बंद ठेवली. पंधरा मिनिटं. मला हे वाचून पहिल्यांदा राग आला होता की बास, एवढंच? आबा म्हणाले की गाव ज्याला ऐतखाऊ म्हणत होतं त्याच्यासाठी धंदा बंद ठेवतंय, पंधरा मिनिटं पण कमी नाहीत. आता सिटी हॉलपुढच्या बाकावर त्याचा ब्राँझचा पुतळा बसलाय, हॅट आणि पाइप, लोक शेजारी बसून फोटो काढतात. आम्हीपण काढले.

त्याचं घर रोअन ओक नक्की बघा. स्क्वेअरपासून चालत वीस मिनिटं, गाडीने तीन. १८४० च्या दशकातलं पांढऱ्या खांबांचं घर, त्याने १९३० मध्ये घेतलं तेव्हा वीज नव्हती की नळ नव्हते, बरीचशी दुरुस्ती स्वतःच्या हातानं केली. दारापर्यंत दोन्ही बाजूंना सीडरची जुनी झाडं. आता विद्यापीठाच्या ताब्यात आहे. लिहायच्या खोलीत भिंतीवरच त्याने एका कादंबरीचा आराखडा लिहून ठेवलाय, सोमवार, मंगळवार असे वार घालून त्याखाली त्या दिवशी काय घडतं ते, आणि तो अजून तसाच आहे. आबा त्या भिंतीपुढून हलेनात. आणखी एक, त्याला एअर कंडिशनर आवडायचा नाही, बायकोने अंत्यविधी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या खोलीला एसी लावून घेतला असं तिथं सांगतात, ऑगस्टमध्ये मिसिसिपीत कधी गेला असाल तर तुम्हाला त्या बाईंचं म्हणणं लगेच पटेल. घराच्या मागून बेलीज वुड्स म्हणून रानातली पायवाट आहे, ती विद्यापीठाच्या म्युझियमपाशी निघते. आईच्या गुडघ्यांना जमली, म्हणजे तुम्हालाही जमेल.

आता गावाचा इतिहास, तोही थोडा सांगायलाच हवा. ही जमीन चिकसॉ या इथल्या मूळ आदिवासी लोकांची. १८३२ च्या पाँटोटॉकच्या करारानंतर त्यांना इथून जावं लागलं, आणि १८३६ मध्ये होका नावाच्या एका चिकसॉ बाईकडून गोऱ्या व्यापाऱ्यांनी ही जागा घेतली. गावाचं नाव ऑक्सफर्ड ठेवलं ते उगाच नाही, नावामुळे तरी राज्याचं विद्यापीठ आपल्याला मिळेल ही आशा होती, आणि मिळालं! १८४१ मध्ये विधिमंडळात मतदान झालं आणि ऑक्सफर्ड फक्त एका मताने जिंकलं. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आज हे कापसाच्या बाजाराचं एखादं झोपाळू गाव राहिलं असतं. १८४८ मध्ये ऐंशी विद्यार्थ्यांवर विद्यापीठ सुरू झालं. त्यातली मुख्य इमारत लायसियम, सहा खांबांची, आजही उभी आहे, आणि ती उभारण्यात गुलामांचे हात होते, हे आता विद्यापीठाने कॅम्पसवर पाट्या लावून स्वतः लिहिलंय. सिव्हिल वॉर, म्हणजे अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं युद्ध, सुरू झालं तसे विद्यार्थी पलटण करून दक्षिणेकडून लढायला गेले, युनिव्हर्सिटी ग्रेज नावाची, आणि गेटिसबर्गच्या लढाईत शेवटच्या दिवशीच्या हल्ल्यात गेलेल्यांपैकी प्रत्येकजण मेला, जखमी झाला किंवा पकडला गेला. लायसियमचं हॉस्पिटल झालं. १८६४ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेच्या फौजेने स्क्वेअर जाळला, कोर्टासकट. आत्ताचं कोर्ट १८७२ चं. म्हणजे आपण बाल्कनीत बसून जे जुनं जुनं म्हणून बघतो ते सगळं आगीनंतरचं आहे.

कोर्टाच्या दक्षिणेला उंच चौथऱ्यावर एक दगडी सैनिक उभा आहे. आबांनी बाल्कनीतून बोट दाखवून विचारलं, "हा कुठल्या बाजूचा?"

म्हटलं, "आबा, हरलेल्या बाजूचा. गुलामगिरी राहावी म्हणून लढले त्यांचा."

"मग अजून इथं कसा?"

याचं उत्तर गावात दोन आहेत. असाच एक पुतळा विद्यापीठात लायसियमसमोर होता, १९०६ चा, तो विद्यार्थ्यांनी मागणी लावून धरली आणि २०२० च्या जुलैमध्ये कॅम्पसच्या कडेला जिथे त्या युद्धातले सैनिक पुरलेत तिथे हलवला. कोर्टासमोरचा १९०७ चा, तो काउंटीचा कारभार बघणाऱ्या सुपरवायझर लोकांनी त्याच वर्षी मतदान करून तिथेच ठेवायचं ठरवलं. एका गावात, दोन मैलांच्या आत, एकाच उन्हाळ्यात दोन वेगवेगळे निर्णय. मला वाटतं तोही हलवायला हवा होता आणि मी हे तिथल्या लोकांशी बोलतानाही सांगते.

आणि १९६२. फॉकनरला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. जेम्स मेरेडिथ, मिसिसिपीचाच मुलगा, हवाई दलात नोकरी करून आलेला, कृष्णवर्णीय म्हणून विद्यापीठ त्याला प्रवेश देत नव्हतं, तो कोर्टात लढला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत जिंकला, तरी राज्याचे गव्हर्नर स्वतः आडवे उभे राहिले. ३० सप्टेंबरच्या रात्री लायसियमभोवती जमावाने फेडरल मार्शल, म्हणजे केंद्र सरकारच्या पोलिसांवर विटा, बाटल्या, शेवटी गोळ्या चालवल्या. दोघांचे जीव गेले, त्यातला एक फ्रेंच पत्रकार होता, पॉल गिहार्ड. शेकडो जखमी. केनेडींनी हजारोंनी सैन्य उतरवलं या एवढ्याशा गावात, एका विद्यार्थ्याला वर्गात बसता यावं म्हणून. १ ऑक्टोबरला सकाळी मेरेडिथने नाव नोंदवलं आणि पुढच्या ऑगस्टमध्ये डिग्री घेतली. ते सगळं वर्ष तो मार्शलच्या पहाऱ्यात वर्गात जायचा. लायसियमच्या मागे लायब्ररीकडे जाताना आता त्याचा पुतळा आहे, चालतोय असा, समोर दगडी कमान. २००६ मध्ये बसवला. आम्ही गेलो तेव्हा दोन कृष्णवर्णीय मुली पदवीचा झगा घालून त्याच्यापाशी फोटो काढत होत्या, ऑक्टोबरमध्ये झगा कशाला ते मला कळलं नाही, डिसेंबरच्या पदवीची तयारी असेल. आई त्यांना म्हणाली "काँग्रॅच्युलेशन्स" आणि त्यांनी आईलाच फोटोत ओढलं. तो फोटो आता वाईच्या घरी फ्रिजवर आहे.

हे सगळं दुकानाच्या रिव्ह्यूत का सांगतेय? कारण मला हे दुकानातूनच कळलं. पहिल्यांदा गेले तेव्हा मी सुंदर स्क्वेअर, लाल रंगाची इंग्लंडहून आणलेली डबल डेकर बस, टेलिफोनचं लाल खोकं, १८३९ पासूनचं नीलसन्स हे कपड्यांचं दुकान, एवढं बघून खूश होऊन परत आले असते. पण स्क्वेअर बुक्समध्ये गावाच्या इतिहासाचं टेबल अगदी डोळ्यांसमोर मांडलेलं असतं, मेरेडिथवरची, गुलामगिरीवरची, या काउंटीत ज्यांना जमावाने मारलं त्यांच्यावरची पुस्तकं मागच्या कपाटात लपवलेली नसतात. १९३५ मध्ये एल्वुड हिगिनबॉटम नावाच्या, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याला, खटला चालू असताना, ज्युरीचा निकाल यायच्या आधीच जमावाने जेलमधून ओढून नेऊन मारलं. आता त्याच्या नावाची खूण नॉर्थ लमार रस्त्यावर आहे. मी ते वाचून मग तिथे गेले. ज्या गावात हे झालं त्याच गावात पुस्तकवाला पहिल्या टेबलावर ते ठेवतो, गावातलीच माणसं येऊन ते विकत घेतात, याला मी मोठी गोष्ट समजते.

त्याच ओघात बर्न्स-बेल्फ्री म्युझियमपण करा. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी स्थापलेल्या चर्चची ही १९१० ची विटांची इमारत, स्क्वेअरपासून चालत पाच-सात मिनिटं. मध्यंतरी ती जॉन ग्रिशमच्या मालकीची होती, हा कोर्टकचेरीच्या कादंबऱ्यांवाला ग्रिशम याच विद्यापीठातून १९८१ मध्ये वकील झाला, त्यांनी ती पुढे देऊन टाकली आणि आता तिथे इथल्या कृष्णवर्णीय वस्तीचा इतिहास मांडलाय. छोटं आहे, तासात होतं.

लेखकांची तर इथे रांगच लागलीय. मला सगळ्यात जवळचा वाटतो लॅरी ब्राउन, तो ऑक्सफर्डच्या फायर ब्रिगेडमध्ये नोकरीला होता, १९७३ पासून, रात्रपाळीत आणि घरी लिहायचा, वर्षानुवर्षं कथा साभार परत यायच्या, आणि शेवटी १९९० मध्ये नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक झाला. त्याचं कपाट फॉकनरच्या शेजारीच आहे. नोबेलवाला आणि बंबवाला एकाच फळीवर, आणि दुकानात दोघांबद्दल सारख्याच आदराने बोलतात.

शक्यतो गुरुवार धरून जा. गुरुवारी संध्याकाळी सहाला थॅकर माउंटन रेडिओ हा रेडिओवरचा कार्यक्रम असतो, १९९७ पासून चालू आहे, वसंत आणि शरद ऋतूत. लेखक पुस्तकातलं वाचतो, मग बँड गातो, परत लेखक, परत गाणी, सगळं लाइव्ह, फुकट. आम्ही ऑफ स्क्वेअर बुक्समध्ये बघितला, पुस्तकांची चाकांवरची टेबलं बाजूला ढकलून खुर्च्या मांडल्या होत्या, आम्ही साडेपाचला गेलो तरी मागे जागा मिळाली. ऐकायला कोण होतं? विद्यार्थी कमी, गावातली साठी-सत्तरीची माणसं जास्त, एक प्लंबर त्याच्या कंपनीचा शर्ट घालून थेट कामावरून आलेला. आईला शब्द कळले नाहीत पण ब्लूज वाजायला लागल्यावर ती पायाने ताल धरून बसली होती.

खाण्याचं सांगते. स्क्वेअरवर एजॅक्स डायनर आहे, १९९७ पासूनचं, तिथे भाज्यांची प्लेट मिळते पण शाकाहारी लोकांनी विचारून घ्या, दक्षिणेत घेवडा आणि पालेभाजीत डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवायची पद्धत आहे, त्याला ते वेगळं मांसाहारी समजत नाहीत. आणि भेंडी! २०२२ मध्ये आम्ही स्नॅकबारमध्ये जेवलो होतो, तेव्हा तिथले शेफ होते विश्वेश भट्ट, गुजरातमध्ये वाढलेले, वडील इथे विद्यापीठात प्राध्यापक होते म्हणून या गावाशी नातं जुळलं, त्यांना २०१९ मध्ये जेम्स बियर्ड अवॉर्ड मिळालं, दक्षिणेतला सर्वोत्तम शेफ म्हणून. त्यांचं ओक्रा चाट म्हणजे भेंडीचे उभे पातळ काप कुरकुरीत तळून वर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, चाट मसाला. भेंडी अमेरिकेत आली ती गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांबरोबर, दक्षिणेच्या प्रत्येक स्वयंपाकघरात ती आहे, आणि आपल्याकडेही घरोघरी, म्हणजे ती प्लेट पुढे आली की टेबलावरच्या प्रत्येकाला ती आपलीच वाटते. रात्री उशीर झाला तर विद्यार्थी पेट्रोल पंपावर मिळणारं काडीला लावलेलं तळलेलं चिकन खातात, ते गावाचं खास समजतात, आमच्या लेकीने खाल्लं, दोन खाल्ली.

आता फुटबॉल. विद्यापीठाला सगळे ओल मिस म्हणतात, तुम्हीही म्हणाल, पण हे माहीत असू द्या की ते नाव १८९७ च्या वार्षिकांकावरून आलं आणि मूळ शब्द गुलाम लोक मालकिणीला वापरायचे तो आहे. स्टेडियम चौसष्ट हजारांचं, गाव पंचवीस हजारांचं, हिशोब तुम्हीच करा. मॅचच्या दिवशी कॅम्पसमधल्या द ग्रोव्ह नावाच्या ओक-मॅग्नोलियाच्या राईत हजारो तंबू पडतात, लाल-निळे, आत टेबलक्लॉथ, फुलदाण्या, चांदीची ताटं, तंबूत झुंबरं टांगलेली, बायका-मुली लग्नाला आल्यासारख्या नटलेल्या. अनोळखी माणसंही "हॉटी टॉडी" ही इथली आरोळी देत ताट पुढे करतात. बघण्यासारखं आहे, मी एकदा बघितलं आणि त्या पाहुणचाराला नावं ठेवायला जागा नाही. पण गावाची पहिली भेट त्या दिवशी ठेवू नका. आम्ही २०२१ मध्ये न बघता तारीख घेतली, हायवेजवळच्या एका मोटेलने दोन रात्रींची सक्ती केली, भाडं नेहमीच्या तिपटीहून जास्त लावलं आणि खोलीत सिगरेटचा वास. स्क्वेअरवर पाऊल ठेवायला जागा नव्हती, दुकानात रांग, बाल्कनी भरलेली. तेव्हा आधी त्या वर्षाचं मॅचचं वेळापत्रक बघा, घरच्या मैदानावरच्या मॅच सहा-सातच असतात, ते शनिवार-रविवार टाळा. एप्रिलच्या शेवटी डबल डेकर फेस्टिवल असतो, तेव्हाही अशीच गर्दी.

आम्ही निघालो त्या दिवशी आबांनी तीन पुस्तकं घेतली. बॅगेत वजन होईल म्हणून आई कुरकुरत होती, तर काउंटरवरच्या त्याच मुलीने विचारलं की पार्सलने पाठवू का, आणि आबा म्हणाले की नको, ही मी मांडीवर घेऊन जाणार. परतीच्या रस्त्यावर बेट्सव्हिलपर्यंत ते मागच्या सीटवर मोठ्याने वाचत होते आणि अंधार झाला तेव्हा लेकीने फोनचा टॉर्च धरला. आता वाईहून फोन येतो तेव्हा तब्येतीच्या आधी पुस्तकाचं निघतं, गोष्टींचा संग्रह संपलाय, पुढचं कुठलं ते त्या मुलीला विचारून सांग म्हणतात. येत्या गुरुवारी जमलं तर जाऊन विचारणार आहे. मेम्फिसकडचं कोणी येणार असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत, दुपारी एकला निघायचं.